वाचकांचे प्रश्न : निरोगी माणसाला आजार देऊन लस तपासावी का?

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या कट्ट्यावर मध्यंतरी एका लेखावरून बराच वाद झाला. परदेशात धडधाकट तरुणांना आधी लस देतात आणि मग त्याच रोगाचे जिवंत जंतू मुद्दाम त्यांच्या पोटात किंवा नाकात सोडतात, त्यामुळे लस लागू पडते की नाही हे थोड्याच दिवसांत कळते, असे त्यात लिहिले होते. आमच्यातील एका डॉक्टर मित्रांनी या पद्धतीची बाजू घेतली. मी हायस्कुलात विज्ञान शिकवण्यात उमेदीची वर्षे घालवली आहेत, प्रयोगाचे मोल मला कळते. तरीही चांगल्या माणसाला डॉक्टरनेच आजारी पाडायचे ही गोष्ट माझ्या गळी उतरत नाही. याला नीतीचा काही आधार आहे का? आणि याचा खरोखर उपयोग तरी होतो का?
(एक निवृत्त शिक्षक, निपाणी)

उत्तर : आपण दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारलेत ते बरे केलेत. वादाच्या भरात ते एकमेकांत मिसळतात आणि मग कोणाचेच समाधान होत नाही. उपयोगाचा प्रश्न आधी घेतो, कारण ज्या प्रयोगातून काही निष्पन्नच होणार नाही त्यासाठी एखाद्याला साधी सर्दी आणणेही गैर आहे, आणि तिथे पुढची चर्चा करण्याची गरजच उरत नाही.

टायफॉईड आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येऊ लागले की निपाणी असो, चिकोडी असो वा बेळगावचे शहापूर, दवाखान्यांत तापाच्या रुग्णांची रांग लागते आणि लॅबमध्ये 'विडाल'च्या, म्हणजे टायफॉईडसाठीच्या रक्ततपासणीच्या, चिठ्ठ्या साचतात. या रोगावरील नव्या पद्धतीची एक लस हैदराबादच्या भारत बायोटेक कंपनीने तयार केली आणि २०१३ मध्ये तिला भारतात परवाना मिळाला. हा परवाना मात्र लस घेतल्यावर रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिने, किती वाढतात या मोजणीवर दिलेला होता. प्रतिपिंडे वाढली म्हणजे ताप टळेलच, हे तोवर प्रत्यक्ष कोणी दाखवून दिलेले नव्हते.

ते नेहमीच्या मार्गाने दाखवायचे तर किती खटाटोप करावा लागतो, हे नेपाळमधील ललितपूर येथे पुढे झालेल्या चाचणीवरून कळते. तेथे २०,०१९ मुलांपैकी निम्म्यांना टायफॉईडची लस दिली, निम्म्यांना मेंदूज्वराची दुसरीच लस दिली, आणि मग कोणाला टायफॉईड होतो याची वाट पाहत बसावे लागले. २०१९ च्या अखेरीस पहिला निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा टायफॉईडची लस घेतलेल्या मुलांत ७ आणि दुसऱ्या गटात ३८ मुले आजारी पडलेली होती, म्हणजे सुमारे ८२ टक्के संरक्षण मिळाले होते.

त्याआधी, २०१७ मध्ये, ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी याच लसीची परीक्षा शंभराहून थोड्याच अधिक प्रौढ स्वयंसेवकांवर घेतली होती. लस दिल्यानंतर सुमारे महिन्याभराने प्रत्येकाला आधी खाण्याच्या सोड्याचे पाणी प्यायला दिले जाई, कारण पोटातील आम्ल बहुतेक जंतूंचा वाटेतच निकाल लावते, आणि त्यापाठोपाठ टायफॉईडचे दहा हजारांच्या आसपास जिवंत जंतू घातलेला दुसरा पेला. या मंडळींना रुग्णालयात डांबून ठेवलेले नव्हते. ती आपापल्या घरी राहत, ताप वहीत नोंदवत आणि रोज तपासणीला येऊन रक्त देत. ताप टिकला किंवा रक्तात जंतू सापडले की लगेच प्रतिजैविक (अँटिबायोटिक) सुरू होई, आणि ज्यांना काहीच झाले नाही त्यांनाही चौदाव्या दिवशी ते दिले जाई. या लसीशिवाय पेला प्यायलेल्या ३१ जणांपैकी २४ जणांना टायफॉईड झाला, लस घेतलेल्या ३७ पैकी १३ जणांना.

हिशेब केला तर हे संरक्षण ५५ टक्क्यांच्या आत-बाहेर येते आणि नेपाळच्या आकड्यापुढे ते फिके दिसते. याचे कारण परीक्षा कठोर होती. ताप नसतानाही ज्याच्या रक्तात जंतू दिसले त्याला आजारी धरले गेले. अंगात ताप आणि मग रक्तात जंतू, म्हणजे आपल्याकडचा डॉक्टर ज्याला टायफॉईड म्हणेल, तेवढेच मोजले तर तेच संरक्षण ८७ टक्के निघाले. अशा चाचणीचा आकडा म्हणूनच जसाच्या तसा उचलून जाहिरातीत छापणे योग्य नाही. 'लस काम करते का' याला तो खात्रीचे उत्तर देतो, 'गावात किती काम करेल' याला नाही. बेळगावातील माणसाच्या अंगात लहानपणापासून या जंतूंची थोडीफार ओळख झालेली असते, तर ऑक्सफर्डचे स्वयंसेवक त्या बाबतीत कोरे होते. शिवाय टायफॉईडचा खरा भार लहान मुलांवर आहे, आणि मुलांवर अशी चाचणी करण्याचा विचारही कोणी करू नये.

या मर्यादा मान्य केल्या तरी काळाचा फायदा खरा आहे. ऑक्सफर्डच्या निष्कर्षानंतर काही महिन्यांतच जागतिक आरोग्य संघटनेने लसीची शिफारस केली. २०१८ मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेने नऊ महिन्यांपासून चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना ती मोफत टोचायला सुरुवातही केली. त्या वेळी नेपाळचा निकाल यायचा होता. पटकीची (कॉलऱ्याची) एक तोंडावाटे घ्यायची लसही २०१६ मध्ये अमेरिकेत प्रवाशांसाठी मंजूर झाली ती अशाच चाचणीच्या बळावर: लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी जंतू दिले तेव्हा ९० टक्के आणि तीन महिन्यांनी दिले तेव्हा सुमारे ८० टक्के संरक्षण दिसले. मलेरियाच्या लसींचा पाया तर याच पद्धतीने घातला गेला. जाळीने झाकलेल्या कागदी कपात हिवतापाचे पाच डास ठेवतात, त्यावर स्वयंसेवक हात धरतो, आणि रक्तात परोपजीवी दिसले की औषध सुरू होते. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेली मलेरियाची लसही या कसोटीतून गेलेली आहे.

उपयोग झालाच असे दरवेळी म्हणता येत नाही, आणि आपल्या डॉक्टर मित्रांनी बहुधा इथे हात थोडा सैल सोडला असावा. २०२० मध्ये कोरोनाची लस लवकर यावी म्हणून अशा चाचण्या घ्या, अशी मोठी मोहीम चालली आणि हजारो तरुणांनी नावे नोंदवली. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात पहिल्या स्वयंसेवकाच्या नाकात विषाणूचा थेंब पडला तो मात्र मार्च २०२१ मध्ये, म्हणजे ब्रिटनमध्ये लसीकरण सुरू होऊन तीन महिने उलटल्यावर. १८ ते २९ वयाचे ३६ जण त्यात होते. ज्या ३४ जणांचा हिशेब धरला त्यांपैकी १८ जणांना संसर्ग झाला. गंभीर कोणीच झाले नाही. विषाणू शरीरात गेल्यावर सरासरी दोन दिवसांच्या आतच घशात सापडू लागतो, ही मोलाची माहिती त्यातून मिळाली. लस लवकर आणण्याचे काम मात्र तोवर नेहमीच्या चाचण्यांनी उरकलेले होते, कारण साथ इतकी भरात होती की वाट पाहावीच लागली नाही. रोग तुरळक असेल, विखुरलेला असेल किंवा त्याचा हंगाम चुकत असेल, तेव्हाच या पद्धतीचा खरा फायदा होतो.

आता नीतीकडे वळतो. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपो मैदानावर सकाळी फिरायला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे, पण तेथील संस्थेत गेल्या शतकाच्या सुरुवातीस वासरांच्या अंगावर देवीची लस वाढवली जात असे. आपल्या आजी-आजोबांच्या दंडावर जे 'देवी काढल्याचे' वण होते, त्या लसीची पहिली परीक्षाच मुळी जाणूनबुजून आजार देऊन झाली. १७९६ मध्ये एडवर्ड जेन्नर यांनी आपल्या माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलाला, जेम्स फिप्सला, गोस्तनदेवी टोचल्या आणि काही आठवड्यांनी खऱ्या देवीचा पू टोचून पाहिला. मुलगा वाचला म्हणून जग त्यांना थोर म्हणते. त्या मुलाला विचारले कोणी होते, हा प्रश्न पुढची दीडशे वर्षे फारसा कोणी केला नाही.

केला गेला तो अत्याचारांनंतर. नाझी छावण्यांतील प्रयोगांचा खटला संपताना, १९४७ मध्ये, न्यूरेंबर्गच्या न्यायाधीशांनी दहा तत्त्वे घालून दिली आणि त्यांतील पहिले तत्त्व स्वेच्छेने दिलेल्या संमतीचे ठेवले. त्याच सुमारास, १९४६ ते १९४८ मध्ये, अमेरिकी संशोधक ग्वाटेमालात कैद्यांना, सैनिकांना आणि मनोरुग्णांना न सांगता गुप्तरोगांची लागण करत होते. त्याबद्दल अमेरिकेने २०१० मध्ये जाहीर माफी मागितली. न्यूयॉर्कमधील विलोब्रूक संस्थेतील मतिमंद मुलांना १९५० आणि ६० च्या दशकांत काविळीचा विषाणू दिला गेला, आणि 'ही मुले इथे राहून तशीही आजारी पडणारच होती' असे त्याचे समर्थन करण्यात आले. हे समर्थन मी मुद्दाम इथे मांडतो, कारण आपल्याकडे कोणी अशी चाचणी घ्यायला आलेच तर 'इथे टायफॉईड होतोच की' हे वाक्य पहिल्याच बैठकीत ऐकू येईल. लोक वाईट पाणी पितात ही नगरपालिकेची नामुष्की आहे, संशोधकाला मिळालेली सूट नव्हे.

असे असूनही 'मुद्दाम' या एका गोष्टीवर ही पद्धत सरसकट मोडीत काढावी, असे मला वाटत नाही. नेपाळच्या चाचणीत दुसऱ्या गटातील ती ३८ मुलेही ज्ञानासाठीच आजारी पडली, असे एका अर्थाने म्हणता येते. फरक इतकाच की त्यांना जंतू गावच्या पाण्यातून आले, डॉक्टरच्या हातून नव्हे. हा फरक लहान नाही. आपल्या हातून आजार दिला की सगळी जबाबदारी डॉक्टरची होते, तिच्यात देवाचा, पाण्याचा किंवा नशिबाचा वाटा राहत नाही. म्हणून माझी कसोटी साधी आहे: जे डॉक्टरने आपल्या हाताने दिले, ते त्याला आपल्या हाताने परत काढून घेता आले पाहिजे. टायफॉईडचे जंतू प्रतिजैविकाने मरतात, ते पित्ताशयात दडून राहू नयेत म्हणून उपचारानंतर शौचाची तपासणी करून खात्री करता येते, आणि चाचणीत औषधाला दाद देणारा, पूर्वीपासून अभ्यासलेला जंतूच वापरला जातो. ही चाचणी माझ्या कसोटीला उतरते. लंडनची कोरोना चाचणी मला काठावरची वाटते. संसर्ग झालेल्यांपैकी बऱ्याच जणांचा वास गेला, आणि काहींचा तो सहा महिन्यांनंतरही पूर्ववत झालेला नव्हता. विशीतल्या मुलाचे नाक परत आणून देण्याचे औषध त्या डॉक्टरांपाशी नव्हते.

प्रश्न : आमच्या भागातील बायाबापडे काजूच्या हंगामात गोव्याच्या सत्तरी तालुक्यात कामाला जातात. तिकडे माकडतापाची धास्ती असते. आशाताई सांगतात की जुनी लस आता देत नाहीत. मग अशा झटपट चाचण्या घेऊन नवी लस लवकर का आणत नाहीत?
(एक वाचक भगिनी, खानापूर तालुका)

उत्तर : ताई, गोचिडाच्या चाव्यातून होणारा हा रोग तुरळक आहे, हंगामी आहे आणि जंगलात विखुरलेला आहे, म्हणजे नेहमीच्या चाचणीला सर्वांत अवघड. या दृष्टीने पाहिले तर आपली सूचना अगदी बरोबर आहे. पण वरच्या उत्तरातली कसोटी इथे लागू करून पाहा. हा विषाणू १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला, आणि इतक्या वर्षांनंतरही त्याला मारणारे खात्रीचे औषध नाही. सलाईन, विश्रांती, रक्तस्रावावर लक्ष, एवढेच डॉक्टरच्या हाती असते. आजारी पडणाऱ्या शंभरांपैकी साधारण तीन ते पाच जण दगावतात. शंभर निरोगी माणसांना बोलावून त्यांतल्या तिघांच्या मृत्यूची तयारी ठेवायची, असा कागद कोणतीही नैतिक समिती मंजूर करणार नाही, आणि करूही नये.

आणखी एक गोष्ट पाहावी लागते ती शेजाऱ्यापाजाऱ्यांची. संमती देणारा स्वतःपुरती देतो, घरच्यांची देऊ शकत नाही. झिकाच्या लसीसाठी अशा चाचण्या घ्याव्यात का, यावर अमेरिकेत नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०१७ मध्ये तूर्त नको असा कौल दिला, त्याचे एक मोठे कारण हेच होते: स्वयंसेवकाकडून त्याच्या जोडीदाराला आणि पोटातल्या बाळाला धोका पोहोचू शकत होता.

माकडतापाची जुनी लस पुरेशी परिणामकारक राहिली नाही म्हणून २०२२ पासून थांबवलेली आहे, हे आशाताईंचे सांगणे खरे आहे. नवी लस येईपर्यंत काजूच्या बागेत जाताना अंगभर कपडे घालावेत, आरोग्य केंद्रातून मिळणारे गोचीड दूर ठेवणारे तेल उघड्या अंगाला लावावे, परत आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून कपडे उकळत्या पाण्यात टाकावेत, आणि मेलेले माकड दिसले तर हात न लावता लगेच कळवावे. जंगलातून आल्यानंतर ताप आला तर 'मी बागेत होते' हे डॉक्टरांना न विचारताही सांगावे.

प्रश्न : आमचे वडगावात यंत्रमाग आहेत, सध्या काम जेमतेम. लंडनच्या त्या चाचणीत प्रत्येकाला साडेचार हजार पौंड दिले असे वाचले. भारतात असे सुरू झाले तर मी जावे का?
(एक तरुण विणकर, बेळगाव)

उत्तर : तेव्हाच्या दराने ते सुमारे साडेचार लाख रुपये होतात, आणि आपल्या मनात हा विचार येणे अगदी स्वाभाविक आहे. आधी वस्तुस्थिती सांगतो. २०२३ च्या जुलैमध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अशा चाचण्यांविषयीच्या धोरणाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला केला. तोवर आपल्या देशात अशी चाचणी झालेली नव्हती. भारतातच त्या का घ्याव्यात, याची बाजूही विचार करण्यासारखी आहे. इंग्लंडमधल्या कोऱ्या शरीरावर जे कळते ते इथल्या शरीराला लागू पडेलच असे नाही, आणि आपल्या रोगांचे उत्तर सदैव परक्यांच्या अंगावर शोधायचे हेही बरे नव्हे.

साध्या चाचण्या मात्र आपल्या जिल्ह्याला नव्या नाहीत. बाळंतपणातील रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉल गोळीची चाचणी बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत १,६२० स्त्रियांवर झाली, तिचा निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून साडेसहाच्या खाली आल्याचे त्यातून दिसले. कोव्हॅक्सिनच्या चाचणी केंद्रांतही बेळगावचे एक खासगी रुग्णालय होते. या दोन्हींत कोणाला मुद्दाम आजार दिलेला नव्हता, हे लक्षात ठेवावे. कोणी 'तसलेच काहीतरी' म्हणून सांगू लागला तर फरक विचारावा.

पैशाविषयी माझे मत ऐकून कदाचित आपल्याला राग येईल. १९०० मध्ये क्यूबात अमेरिकी लष्करी डॉक्टर वॉल्टर रीड यांनी पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) प्रयोगासाठी लेखी करार केले, ते संमतीच्या इतिहासात मानाने सांगितले जातात. त्या करारात शंभर डॉलरचे सोने होते आणि आजार झाला तर आणखी शंभर, आणि सही करणाऱ्यांत स्पेनहून नुकतेच उतरलेले मजूर होते. लंडनच्या विद्यार्थ्याला साडेचार हजार पौंड म्हणजे काही महिन्यांचे भाडे. वडगावच्या मागवाल्याला तेवढेच पैसे म्हणजे कर्जमुक्ती. रक्कम एकच, पण दुसऱ्याला 'नाही' म्हणण्याची मोकळीक उरत नाही. म्हणून भारतात या चाचण्या सुरू झाल्याच, तर पहिली काही वर्षे स्वयंसेवक महाविद्यालयांतून, वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्यांतून आणि खुद्द संशोधकांतून घ्यावेत, ज्यांची चूल या पैशावर पेटत नाही अशांतून, असे मला वाटते. यावर आपण म्हणाल की गरिबाला पैसे मिळण्याची एक संधीही तुम्ही काढून घेता. हा आक्षेप खोटा नाही, आणि त्याला माझ्याकडे पुरेसे उत्तर नाही. एवढेच म्हणतो की मोबदला वेळेचा, प्रवासाचा आणि बुडालेल्या मजुरीचा असावा, आजाराची किंमत म्हणून नसावा.

तरीही कधी अशा टेबलापाशी बसायची वेळ आली तर काही गोष्टी पाहाव्यात. औषधांच्या चाचण्यांविषयीच्या २०१९ च्या नियमांनुसार संमतीपत्र आपल्याला समजेल अशा साध्या भाषेत असले पाहिजे. आपल्याला मराठी वाचता येत असेल आणि समोर कानडी किंवा इंग्रजी कागद ठेवून 'मी सांगतो ना, सही करा' असे कोणी म्हणत असेल, तर ती संमती नव्हे. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई देणे आयोजकावर बंधनकारक आहे, ते कागदात कुठे लिहिले आहे हे बोट ठेवून विचारावे. मधेच माघार घेता येते, पण या चाचणीत माघार घेतली तरी अंगातले जंतू जात नाहीत, म्हणून माघार घेतल्यावरही उपचार पूर्ण होईपर्यंत कोण पाहणार, हे स्पष्ट करून घ्यावे. घरात लहान मूल, गरोदर बायको किंवा आजारी म्हातारे असतील तर ते आधी सांगावे. आणि सही केलेल्या कागदाची प्रत, नैतिक समितीच्या फोन नंबरसह, त्याच दिवशी हातात घ्यावी. 'नंतर देऊ' असे उत्तर आले तर तिथून उठून घरी यावे.